नाशकात खाऊगल्ली उभारायची तर: आठ गाड्या, एक आवार

खाऊगल्लीचा विचार बहुतेक जण पदार्थापासून सुरू करतात. मिसळ विकू, पाववडा विकू, मोमो विकू. खरं तर आधी वेळ ठरवावी आणि जागा त्या वेळेप्रमाणे शोधावी, कारण नाशकात प्रत्येक भागाची भूक वेगळ्या वेळी जागी होते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या वाटेवर सकाळी सहालाच चहा-पोहे तयार हवेत. तिथे नऊ वाजता गाडी लावली तर नुसत्या माश्या. पंचवटी आणि रामकुंडाच्या बाजूला पहाटेपासून भाविक असतात, त्यातले निम्मे उपासाचं विचारतात. मेन रोड, शालिमार, रविवार कारंजा इथे खरेदीला आलेली माणसं, म्हणजे साधारण पाच ते नऊ. कॉलेज रोडला संध्याकाळ उशिरापर्यंत चालते. गंगापूर रोडच्या पट्ट्यात रविवारी सकाळी नऊ ते एक सहकुटुंब मिसळ खाणाऱ्यांची रांग, आणि तिथेच मंगळवारी सकाळी शुकशुकाट.

एकट्या गाडीला यातली एकच वेळ पकडता येते. सात-आठ गाड्या एका आवारात आल्या तर पहाटेपासून रात्रीपर्यंत जागा कामात राहते, पाणी-वीज-भांडी-कचरा यांचा खर्च वाटला जातो आणि वाहतुकीला अडथळा होत नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात पार्किंगच्या खासगी जागांवर असे गाड्यांचे तळ वर्षानुवर्षं चालतात, त्यांना तिथे पॉड म्हणतात. आपल्याकडे गल्ली आहे, गर्दी आहे, पदार्थ तर आहेतच. कमी पडते ती सामाईक व्यवस्था. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

जागा पाहताना

करार करण्याआधी जागेवर तीन वेगवेगळ्या दिवशी उभं राहा: एक कामाचा दिवस, एक रविवार, एक उपासाचा (सोमवार, चतुर्थी किंवा एकादशी). अर्ध्या अर्ध्या तासाची वही करा. किती माणसं गेली यापेक्षा किती जण कुठेतरी थांबली ते लिहा. वेगात जाणारी दुचाकी ग्राहक नसते. सिग्नल, बसथांबा, क्लासचं गेट किंवा रुग्णालयाचं दार जवळ असेल तर ती थांबते. संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठून येतं तेही पाहा. पश्चिमेला तोंड केलेली गाडी एप्रिल-मेमध्ये सातपर्यंत रिकामी राहते, आणि तिची चटणीही लवकर आंबते.

आठ गाड्यांसाठी क्षेत्रफळ असं धरा. एक गाडी 6 बाय 3 फूट, मागे उभं राहायला 3 फूट, पुढे रांगेला 6 फूट: मिळून 72 चौरस फूट, आठांचे 576. साठ जणांची बसायची जागा, माणशी 12 चौरस फूट, म्हणजे 720. तीस दुचाकी, वळायच्या जागेसह प्रत्येकी 25, म्हणजे 750. भांडी घासायला 120. यात ये-जा करायला तीस टक्के मिळवले की आकडा 2800 च्या आसपास जातो. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तेव्हा तीन गुंठ्यांत बसतं, चार असले तर सुटसुटीत. बसायची जागा कमी करून नवव्या गाडीचं भाडं मिळवायचा मोह होतो. तो टाळा. मिसळीच्या गिऱ्हाइकाला बसायला लागतं, उभ्याने रस्सा खाता येत नाही.

गाड्या एका ओळीत लावण्यापेक्षा इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या लावा, तोंड आत, मधे टेबलं. तळणीची गाडी वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तळण पूर्वेच्या टोकाला. भांडी घासायची जागा मागे ठेवा, पण टेबलांपासून वीस-पंचवीस पावलांत. त्याहून लांब गेली की उष्ट्या प्लेटा टेबलावरच साचतात.

गॅसच्या हिशोबाने ठरणारा मेन्यू

ही गोष्ट फार कमी जण आधी पाहतात. एकाच आवारात 100 किलोपेक्षा जास्त एलपीजी सिलिंडरमध्ये ठेवायचा असेल तर स्फोटक विभागाचा साठवण परवाना लागतो. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा. पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो, आणि हद्द जवळपास संपली. आठ गाड्यांना आठ मोठे सिलिंडर दिले तर 152 किलो होतात. त्यामुळे पदार्थांची वाटणी अशी करावी लागते:

- मिसळ (सकाळी) आणि त्याच जागेवर संध्याकाळी चायनीज, दोघांत एक सिलिंडर: 19
- पोहे, उपमा, चहा: 19
- वडापाव, पाववडा, भजी: 19
- डोसा-उत्तप्पा: 19
- भेळ-पाणीपुरी, रगडा गरम ठेवायला छोटा सिलिंडर: 5
- दाबेली-सँडविच: 5
- उन्हाळ्यात रसवंती, पावसाळ्यात कोळशावर भाजलेलं कणीस: 0
- चिवडा, लाडू, पापड, लोणची विकणारा बचत गट: 0

बेरीज 86. उरलेल्या 14 किलोत आणखी दोन छोटे सिलिंडर येतात, जास्तीचा मोठा नाही. म्हणून भरलेला सिलिंडर आवारात साठवायचा नाही. रिकामा देऊन भरलेला घ्यायचा, आणि वितरकाशी तशी रोजची वेळ बांधून घ्यायची. घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर गाडीवर वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचा चाचणीचा खुणाक्रमांक वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती तारीख उलटली असेल तर सिलिंडर परत करा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून गाडीखालच्या पेटीला चारही बाजूंनी तळालगत भोकं हवीत. सुंदर पत्र्याची बंद पेटी हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. रबरी नळी आयएसआय खुणेची, मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि तिला मधे सांधा मुळीच नको. रोज सकाळी जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. काडी पेटवून गळती शोधणारे अजून सापडतात.

किती गॅस जातो हे कळायला तराजू पुरे. सिलिंडरवर त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं. सकाळी आणि रात्री वजन करा, फरक त्या दिवसाच्या प्लेटांनी भागा. आठवडाभर लिहिलं की एका प्लेटमागे गॅसचा खर्च ठाम कळतो.

तळणीच्या आणि चायनीजच्या गाडीजवळ 6 किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक आणि कढईवर बसेल असं जाड झाकण ठेवा. तेलाने पेट घेतला तर आधी गॅस बंद, मग झाकण. पाणी टाकलं की पेटतं तेल उडून माणसावर येतं.

पाणी आणि भांडी

मिसळीची शंभर गिऱ्हाइकं स्टीलच्या प्लेटांत खाणार असतील तर स्वयंपाक, पिणं, घासणं मिळून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर लागतात. बाकी गाड्यांचे प्रत्येकी 80 ते 150. आठ गाड्यांना दिवसाला बाराशे ते पंधराशे लिटर धरा आणि 2000 लिटरची टाकी बसवा, म्हणजे महापालिकेचं पाणी एक वेळ आलं नाही तरी दुकान बंद पडत नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, घासायच्या पाण्याचा वेगळा, आणि दोन्हींना वेगळा रंग. ग्राहकांसाठी हात धुवायला बेसिन आणि साबण हवाच. पावाने खायच्या पदार्थांच्या आवारात त्याशिवाय चालणार नाही.

एकाच बादलीत दिवसभर प्लेटा बुचकळणं हे आपल्या रस्त्यावरच्या खाण्याचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. त्यावर तीन टबांची पद्धत पुरते. प्लेट आधी खरवडून उष्टं वेगळं. पहिल्या टबात साबणाचं कोमट पाणी. दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्यात 20 लिटर पाण्याला 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 20 मिली. यातून दर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. त्यात एक मिनिट ठेवून जाळीवर उभं निथळू द्या, फडक्याने पुसू नका. दहा प्लेटांनंतर ते फडकंच सगळ्यात घाण असतं. दुसऱ्या टबाचं पाणी फेसाळलं की बदला. तिसऱ्याचं दर दोन तासांनी, कारण उष्टं मिसळलं की क्लोरीनचा जोर संपतो. माणूस एकच ठेवा, आठही गाड्यांचं घासायला, आणि त्याचा पगार प्लेटांच्या प्रमाणात वाटा.

सांडपाणी थेट चेंबरमध्ये सोडलं तर महिन्याभरात गटार तुंबतं, कारण तर्रीचं तेल थंड झालं की पाइपला बसतं. आधी बारीक जाळी, मग 200 लिटरचं ड्रम. आत येणारा पाइप वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, कोपर खाली वळवलेलं. बाहेर जाणारा पाइप तळाकडून पाणी उचलून वरच्या पातळीला बाहेर पडणारा. तेल वर तरंगत राहतं, एक दिवसाआड पळीने काढायचं. हे ड्रम सावलीत असू द्या. उन्हात तेल पातळ होऊन पाण्याबरोबर निघून जातं.

वीज थोडक्यात: प्रत्येक गाडीला एक किलोवॉट धरून आठ, दिवे आणि पंप मिळून दहा. महावितरणचं व्यापारी जोड घ्या. प्रत्येक गाडीला वेगळा सबमीटर, 10 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा), आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून अंगात उतरायला लागली की तोडणारा). ओल्या हाताने मिक्सर चालवणाऱ्या माणसाला हाच वाचवतो. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची तार पाइपातून, जमिनीवरून नाही.

शंभर प्लेट मिसळ

आवारातल्या बाकी गाड्या चुकल्या तरी चालतात. मिसळ चुकली तर नाशिककर परत येत नाही, कारण त्याला दुसरीकडे जायला खूप ठिकाणं आहेत. शिवाय इथे रस्सा मागेल तितका वाढायची रीत आहे आणि सोबत पापड आणि दही लागतं. त्यामुळे प्रमाण बेतताना पहिल्या वाढीचा नाही, तर प्लेट संपेपर्यंतचा रस्सा धरावा लागतो: माणशी 350 मिली, शंभरांना 35 लिटर.

मटकी 3 किलो. आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आदल्या सकाळी निवडून आठ-दहा तास भिजवा, निथळा, सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा दहाच्याही खाली उतरतो, तेव्हा चोवीस तासही अपुरे पडतात. भिजवायला कोमट पाणी घ्या आणि गाठोडं गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवा. मटकी चिकट होऊन वास मारायला लागली तर दोन कारणं असतात: पाणी पुरतं निथळलं नव्हतं, किंवा गाठोडं घट्ट बांधून आत हवा खेळली नाही. अशी मटकी धुऊन वापरायची नाही, टाकायची. 3 किलोची मोड आल्यावर सव्वासहा किलोच्या आसपास होते आणि शिजून पावणेआठ. प्लेटला 75 ग्रॅम.

उसळ वेगळी शिजवा, हळद-मीठ-हिंग आणि थोडं तेल एवढंच. प्रेशर कुकर नको, मटकी फुटून चिखल होतो. उघड्या पातेल्यात, दाणा दाबला की मऊ लागेल पण आकार राहील इतकीच. तिचं सहा-सात लिटर शिजलेलं पाणी रस्स्यासाठी ठेवा. भिजवलेलं पाणी मात्र फेकून द्या.

मसाल्याला लागेल ते: कांदा 4 किलो, सुकं खोबरं दीड किलो, लसूण 500 ग्रॅम, आलं 300 ग्रॅम, धने-जिरे पूड 250 ग्रॅम, काळा मसाला 500 ग्रॅम, लाल तिखट 350 ग्रॅम (दोन भाग ब्याडगी रंगाला, एक भाग लवंगी जाळाला), हळद 50 ग्रॅम, शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल 3 लिटर, मीठ 350 ग्रॅम. मीठ आधी 300 घाला, उरलेलं चाखून.

कांद्याबद्दल थोडं सांगायला हवं. लासलगाव, पिंपळगाव जवळ असल्याने माल ताजा मिळतो, पण हंगाम बदलला की प्रमाण बदलतं. उन्हाळ कांदा चाळीतून ऑक्टोबरपर्यंत येतो. तो कोरडा, लवकर भाजतो. त्यानंतर नवा लाल कांदा सुरू होतो, त्यात पाणी जास्त. तोच चार किलो घेतलात तर वाटण कमी निघतं आणि रस्सा पातळ लागतो. त्या दिवसांत साडेचार ते पाच किलो घ्या आणि भाजायला वीस मिनिटं जास्त धरा.

कांदा आख्खा जाळावर भाजा, वरची साल काळी होईपर्यंत, मग साल काढून वाटा. खोबरं मात्र काळं करू नका. गडद तपकिरी झालं की लगेच परातीत काढा, कढईत ठेवलं तर उरलेल्या उष्णतेने ते करपतं आणि रस्सा कडू होतो. काळ्या रस्स्याचा काळेपणा मसाल्यातून आणि नीट भाजण्यातून येतो. करपलेल्या खोबऱ्याने रंग येतो खरा, सोबत जिभेला कडवटपणाही.

तेल तापलं की आलं-लसूण, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, मंद ते मध्यम आचेवर पाऊण तास. कडेने तेल सुटलं की आच एकदम कमी करून तिखट, हळद, काळा मसाला आणि लगेच अर्धा लिटर गरम पाणी. तिखट कोरड्या गरम तेलात अर्धा मिनिट जास्त राहिलं की काळवंडतं, रंग जातो आणि ठसका तेवढा उरतो. पाणी आटून पुन्हा तेल सुटेपर्यंत परता. हा मसाला साडेआठ किलोच्या आसपास भरतो.

आता महत्त्वाचं. 35 लिटर रस्सा घरून टोपात नेऊ नका. टेम्पोत हिंदकळून तर्री मोडते, टोप सांडतो, आणि दहा वाजेपर्यंत आटून खारट होतो. मसालाच न्या. गाडीवर एक भाग मसाला, तीन भाग उकळतं पाणी (त्यात मटकीचं पाणी आलं), दहा-बारा लिटरचे तीन घाणे करा. उकळी आली की आच कमी. रस्सा नुसता हलत राहावा, खदखदू नये. जोरात उकळला की तेल पाण्यात फेटलं जातं आणि वरची लाल तर्री नाहीशी होते. मग कोणीतरी वरून तेल-तिखट ओततं, आणि तिथून बिघडत जातं. थंड पाणी घालून वाढवलेल्या रस्स्याचंही तेच होतं.

शेव-फरसाण प्लेटला 55 ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो. पाव 250, कारण दोनवर न थांबणारे बरेच. चिरलेला कांदा 3 किलो, लिंबं 50, दही अडीच किलो, कोथिंबीर पाच जुड्या, पापड 105 (पाच मोडणारच). वाढताना उसळ, फरसाण, रस्सा हा क्रम ठेवा. कांदा-कोथिंबीर सगळ्यात शेवटी. ग्राहकाने विचारण्याआधी तिखट कमी-जास्त विचारा. कमी तिखटाला वेगळा रस्सा करायची गरज नाही: पळी तर्रीखाली बुडवून तळाचा रस्सा उचलला की तो सौम्य असतो.

रस्सा आणि उसळ सतत 60 अंशांच्या वर राहिली पाहिजेत. खुपसायचा साधा थर्मामीटर यासाठी पुरतो. उरलेली उसळ दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. न वापरलेला परतलेला मसाला मात्र गार करून फ्रिजमध्ये दोन दिवस चालतो.

तळण आणि पाणीपुरी

पाववड्याला बटाटवड्यापेक्षा मोठी कढई आणि खोल तेल लागतं, कारण आख्खा पाव भाजी भरून पिठात बुडवून तळायचा असतो. कालचा पाव घ्या. ताजा मऊ पाव पीठ शोषून लगदा होतो. पीठ इतकं दाट असावं की बोट बुडवून काढलं तर बोट दिसू नये. तेल 170 ते 180 अंश. त्याखाली गेलं की पाव तेल पितो, वर गेलं की बाहेरून लाल आणि आत पीठ कच्चं. एका वेळी कढईच्या निम्म्याहून जास्त पृष्ठभाग भरू नका. वडा फुटतो तो बहुधा गरम भाजीमुळे. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय गोळे वळू नयेत. सोडा किलोभर बेसनाला चिमूटभर, जास्त झाला की आवरण जाळीदार होऊन तेलकट लागतं.

तळणाच्या तेलात पोलर घटकांचं (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणाऱ्या बिघडलेल्या घटकांचं) प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते अन्नासाठी वापरता येत नाही, असा नियम आहे. मापक नसेल तर फेस पाहा: वडा टाकल्यावर येणारा फेस काठापर्यंत चढून खाली बसत नसेल, तेल घट्ट आणि गडद झालं असेल, तर ते डब्यात भरा आणि जैवइंधनासाठी गोळा करणाऱ्यांना द्या. जुन्यात नवं घालत राहणं स्वस्त वाटतं, पण नवं तेल त्याने लवकर खराब होतं.

पाणीपुरीचं पाणी फक्त उकळून गार केलेल्या किंवा गाळणयंत्राच्या पाण्याचं करा, हातमोज्यांवर विसंबू नका. मोजा घालून नोटा मोजणारा हात धुतलेल्या हातापेक्षा वाईट. बर्फ घेताना रंग पाहा. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर केलेला असतो, तो रसवंतीत जाता कामा नये. वर्तमानपत्राचा कागद बंद, शाई पदार्थाला लागते. प्लॅस्टिकच्या प्लेटा, चमचे, पेले यांच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्राची बंदी त्याआधीची, 2018 ची. पानांच्या द्रोणांवर आणि स्टीलवरच हिशोब बसवा.

कागदपत्रं

प्रत्येक गाडीमालकाने अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर नोंदणी करायची. ओळखपत्र, फोटो, जागेचा पुरावा लागतो. मिळणारा 14 अंकी क्रमांक गाडीवर दिसेल असा लावायचा. आवाराची एकच नोंदणी सगळ्यांना पुरत नाही. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, तिचा कागद गल्ल्यात ठेवा.

ज्यांची गाडी रस्त्यावर आहे त्यांच्यासाठी पथविक्रेता अधिनियम, 2014 आहे. महापालिकेच्या सर्वेक्षणात नाव यायला हवं, मग विक्री प्रमाणपत्र. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, नवीन नाशिक आणि सातपूर, चौकशी आपल्या विभागीय कार्यालयात करावी. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. जागा हलवायची तर 30 दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर यादी मागा. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा, असं कायदा सांगतो. भांडवलासाठी पीएम स्वनिधीचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं: 15 हजार, ते फेडलं की 25, मग 50. पहिला हप्ता वेळेवर गेला नाही तर पुढचे टप्पे अडतात.

खासगी भूखंडावर आवार उभारताना मालकाशी लेखी करार, किमान तीन वर्षांचा, आणि त्यात पाणी, वीज, शौचालय आणि सांडपाण्याची जोडणी कोणी करायची ते स्पष्ट. महापालिका आणि अग्निशमन विभागाकडे आराखडा आधीच दाखवा. पत्र्याची शेड टाकल्यावर परवानगी मागायला जाणं महागात पडतं.

आपापसातला करार

आवार मोडतं ते बहुधा गाडीवाल्यांच्या भांडणाने. म्हणून सुरुवातीलाच एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात: एक पदार्थ एकाच गाडीवर, दुसऱ्याचा पदार्थ विकायचा तर सगळ्यांची संमती, वीज सबमीटरप्रमाणे, पाणी आणि भांडीवाला प्लेटांप्रमाणे, सफाईचा खर्च समान, ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडी येण्याआधी पुढे आणायची पाळी कोणाची, गाडी सलग किती दिवस बंद राहिली तर जागा जाते, अनामत कधी परत. बसायची टेबलं कोणाचीही नाहीत, सगळ्यांची. 'माझ्याकडचं घेतलं तरच इथे बसा' हे वाक्य एकदा ग्राहकाच्या कानावर पडलं की ते कुटुंब पुन्हा येत नाही.

क्यूआर कोड प्रत्येकाचा वेगळा, आणि तो रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव तपासायचं. वरून दुसऱ्याचा चिकटवून जाणारे असतात.

पाऊस, उपास, पर्वणी

जून ते सप्टेंबर ताडपत्रीला उतार द्या, सपाट ताडपत्रीत साचलेलं पाणी रात्री एकदम खाली येतं. फरसाण झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, थोडं थोडं काढून. गंगाघाटाच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजूला गाडी असेल तर गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली की वाट पाहू नका. ज्यावरून नाशिककर पुराची उंची ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी लागेपर्यंत थांबलेल्यांना चढावर गाडी ढकलायला माणसं मिळत नाहीत. सिलिंडर सगळ्यात आधी हलवा, मग भांडी, गाडी शेवटी.

श्रावणात मिसळीचा खप पडतो, सोमवारी तर निम्म्यावर. त्या दिवसांत 100 ऐवजी 50 प्लेटांचाच मसाला करा आणि मिसळीच्या गाडीवर नव्हे, वेगळ्या कढईत आणि वेगळ्या झाऱ्याने साबुदाणा वडा, खिचडी, भगर ठेवा. उपासाच्या पदार्थांना भज्यांचं तेल चालत नाही आणि ग्राहक ते विचारतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला जाणाऱ्यांची रीघ त्र्यंबक रोडवर आदल्या रात्रीपासून असते. त्या रस्त्यावरच्या आवाराने चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पिण्याचं पाणी यांचीच तयारी करावी. पाव, दूध आणि गॅस रविवारी दुपारपर्यंत आत आणून ठेवा, कारण रस्ता वाहनांना बंद झाला की पुरवठ्याचा टेम्पोही येत नाही. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडच्या सगळ्याच रस्त्यांचं असं होणार. तेव्हा माल रात्री बारा ते तीनच्या दरम्यान आत घ्यायचा, आणि भांडीवाल्यासह सगळ्या माणसांची झोपायची सोय आवारातच करायची.

सुरुवात करताना आठही गाड्या एकदम उघडू नका. पहिल्या आठवड्यात चहा-पोहे, मिसळ आणि वडापाव या तीनच. टाकी किती वाजता रिकामी होते, ड्रममध्ये किती तेल साठतं, घासायला दुसरा माणूस लागतो का हे तेवढ्यात कळतं. मग दर आठवड्याला दोन गाड्या वाढवत जा.